वांग: बाळंतिणीच्या चेहऱ्यावरच्या डागांचा इतिहास

आजचा विषय तुम्हाला वरवरचा वाटेल. तसा तो आहेच, कारण तो कातडीच्या वरच्या थरातला आहे. गरोदरपणात अनेक बायकांच्या गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी, करडे डाग उमटतात. दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे, जणू कोणी ब्रश फिरवलाय. दुखत नाहीत, खाजत नाहीत. बाळंतपणानंतर काही जणींचे हळूहळू फिकट होतात, काही जणींचे मागे उरतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा गडद होतात. आपण याला वांग म्हणतो. डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत क्लोआझ्मा हा शब्द सापडतो. मेलाझ्माच्या मुळाशी काळा या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि क्लोआझ्माच्या मुळाशी चक्क हिरवट होणं. गोऱ्या कातडीवर हा डाग कसा दिसत असेल, त्याचा अंदाज या नावावरून येतो.

आता याला इतिहास कसला, असं कोणी विचारेल. आहे, आणि तो बराच बोलका आहे. हा डाग पाहून लोकांनी बाईबद्दल काय काय ठरवलं, तो लवकर जावा म्हणून काय काय चोपडलं आणि त्या घाईची किंमत कोणी मोजली, हे मला आज सांगायचंय.

शब्दापासून सुरुवात करू. वांग हा शब्द संस्कृत व्यंगावरून आला. आज व्यंग म्हटलं की आपल्याला दोष, उणीव आठवते, नाहीतर व्यंगचित्र आठवतं. सुश्रुतसंहितेत मात्र व्यंग हे एका ठरावीक आजाराचं नाव आहे. निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे, चव्वेचाळीस किरकोळ रोगांचा. चामखीळ, कुरूप, तारुण्यपीटिका, केस गळणं, असं सगळं त्यात आहे. त्यातच व्यंग येतं. वर्णन इतकं नेमकं आहे की आजच्या ओपीडीत चालावं: चेहऱ्यावर येणारं, न दुखणारं, पातळ, काळसर मंडल. हेच अंगावर इतरत्र आलं तर नीलिका.

कारण काय सांगितलंय? राग आणि श्रम. राग आणि श्रमाने वायू भडकतो, पित्ताला बरोबर घेतो, तोंडाकडे येतो आणि डाग उमटतो. गंमत बघा, या व्याख्येत गरोदरपण कुठेच नाही. आणि गरोदर बाईची कातडी शास्त्रकारांनी पाहिलीच नव्हती असंही नाही. चरकसंहितेत गर्भिणीच्या पोटावर येणाऱ्या रेषांचा, किक्किसाचा, सविस्तर उल्लेख आहे. तिथे बायकांचं मत नोंदवलंय की सातव्या महिन्यात पोटातल्या बाळाला केस उगवतात म्हणून आईला जळजळ होते. मग आत्रेय म्हणतात, तसं नाही, गर्भाच्या दाबामुळे दोष वर सरकतात. म्हणजे बायका आपल्या शरीराबद्दल काय बोलतात हे ऐकून, ते खोडून, पण लिहून ठेवलंय. मला हा परिच्छेद फार आवडतो. वांगाच्या बाबतीत मात्र बायकांचं म्हणणं नोंदवलेलं दिसत नाही. रागीट आणि दमलेल्या माणसाचा रोग म्हणूनच तो ग्रंथात राहिला.

उपाय म्हणून शीर उघडून रक्त काढणं, डाग घासणं, आणि वड-उंबरासारख्या चिकाच्या झाडांच्या सालीचे लेप. नंतरच्या ग्रंथांत यादी वाढते. रक्तचंदन, मंजिष्ठ, लोध्र, वडाचे कोवळे अंकुर, मसूर. वाग्भटाच्या परंपरेत केशर घालून सिद्ध केलेलं कुंकुमादी तेल येतं. मसुराचं पीठ दुधात कालवून तोंडाला लावायची पद्धत तुमच्यापैकी कित्येकींनी आजीकडून ऐकली असेल. ती आजीच्याही आजीच्या पलीकडची आहे.

भूमध्य समुद्राच्या काठी त्याच डागाचं वाचन वेगळं चाललं होतं. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात, मूल न होणाऱ्या स्त्रियांवरच्या प्रकरणात, असं म्हटलंय की ज्या गरोदर बाईच्या चेहऱ्यावर डाग येतात तिला मुलगी होते, आणि जिची कांती चांगली राहते तिला बहुधा मुलगा. म्हणजे वांग ही पोटातल्या मुलीची चाहूल, आणि ती चाहूल नाराजीच्या सुरात. हा खेळ आपल्याकडेही चालतो. चेहरा काळवंडला म्हणजे अमुक, खुलला म्हणजे तमुक. एका गावात एक उत्तर, पुढच्या गावात बरोबर उलटं. दोन्हीकडे अंदाज साधारण निम्म्या वेळा बरोबर येतात, आणि बरोबर आलेलेच लक्षात राहतात.

राग, श्रम, मुलगी. पुढे त्यात यकृतही आलं. जपानी भाषेत वांगाला कानपान म्हणतात, म्हणजे यकृताचा डाग. इंग्रजीतसुद्धा तपकिरी डागांना यकृताचं नाव चिकटलेलं आहे. आणि आपल्याकडे आजही शेजारीण म्हणतेच, "लिव्हर तपासून घे गं, पोटात उष्णता झाली असेल." थोडक्यात, चेहऱ्यावर डाग आला की त्याचा जाब बाईच्या स्वभावाला किंवा आतल्या अवयवांना विचारायचा, ही सवय जगभरची आहे.

मग हा डाग खरोखर काय आहे? आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. त्या पेशींमध्ये मेलॅनिनचे कण केंद्रकावर टोपीसारखे जमतात. ऊन पडलं तर आतला वारसाद्रव्याचा धागा जपला जावा म्हणून. म्हणजे मेलॅनिन ही छत्री आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चेतवणारी संप्रेरकं वाढतात, आणि छत्र्यांचं उत्पादन वाढतं. स्तनाग्रं गडद होतात, बेंबीखालची रेघ काळी पडते, जुने तीळ थोडे ठळक होतात. हे जवळजवळ सगळ्याच गरोदर बायकांत कमी-अधिक घडतं. चेहऱ्यावर मात्र ऊन पडत असतं, आणि काहींच्या रक्तातच ही प्रवृत्ती असते, म्हणून तिथे वांग उमटतं. पुरुषांनाही होतं बरं का, फक्त त्यांच्याबद्दल कोणी "पोटात काय आहे" असं विचारत नाही.

बाळंतपणानंतर वार पडते, संप्रेरकं उतरतात, आणि कारखाना मंदावतो. पण कातडीत आधी साठलेला रंग झडायला वेळ लागतो. वरच्या थरातला रंग काही महिन्यांत झडतो. खालच्या थरात उतरलेला रंग वर्षानुवर्षं बसून राहू शकतो.

आता इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळ्या उपायांच्या इतिहासाची किल्ली इथे आहे. बऱ्याच जणींचं वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत, वर्षभरात आपोआप फिकट होतं. म्हणजे या काळात तुम्ही मसूर लावा, केशराचं तेल लावा, रक्त काढा किंवा नवस बोला, पुष्कळ वेळा डाग फिकट होणारच. आणि श्रेय जाणार शेवटच्या उपायाला. आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा. सव्वा महिना बाई घरात. अंधारी खोली, शेक, धुरी, डोक्याला रुमाल. त्या खोलीचे तोटे मोठे होते, धुराचे, कोंडलेल्या हवेचे. तिचं गुणगान करायला मी उभी नाही. पण एक गोष्ट त्या खोलीत आपसूक घडत होती: संप्रेरकं उतरत असताना चेहऱ्यावर ऊन पडत नव्हतं. त्या चाळीस दिवसांत जे उटणं लावलं गेलं त्याचं नाव झालं. पुढे तीच बाई रोज शेतावर जायला लागली की डाग परत गडद, आणि मग म्हणायचं की उटण्यात आता पहिल्यासारखा माल येत नाही.

वांगाचा संबंध रागाशी नसून संप्रेरकांशी आहे याचा मोठा पुरावा कुठून मिळाला? गर्भनिरोधक गोळीतून. 1956 मध्ये पोर्तो रिकोमध्ये या गोळीच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. तिथल्या गरीब वस्तीतल्या बायकांवर, आणि आजच्या मानाने प्रचंड मोठ्या मात्रेत. 1960 मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. लवकरच त्वचारोगतज्ज्ञांकडे तक्रारी यायला लागल्या: मी गरोदर नाही, तरी चेहऱ्यावर डाग. 1967 मध्ये रेझनिक यांनी गोळी घेणाऱ्या 212 स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या 29 टक्के स्त्रियांना वांग आलेलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींना ते आधी गरोदरपणातही आलं होतं. मूल नाही, वार नाही, फक्त संप्रेरकं, आणि तोच डाग. हिपोक्रेटिसची मुलगी इथे निकालात निघाली. खरं तर तेव्हापासून शेजारणीनेही यकृताचा पिच्छा सोडायला हवा होता.

आता उपायांकडे येऊ. आणि इथे गोष्ट एकदम अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात जाते. 1930 च्या दशकाचा शेवट. कातडी कमावणारे कामगार, त्यांत बरेच कृष्णवर्णीय, हातात रबरी मोजे घालून काम करायचे. त्यांच्या हातांवर आणि कोपरापर्यंत पांढरे चट्टे पडायला लागले. कोडासारखे, पण बरोबर मोज्याच्या मापाचे. तपासणीत निघालं की रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात घातलेलं एक रसायन, हायड्रोक्विनोनचा एक भाऊबंद, रंगपेशींना मारत होतं. 1939 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कामगारांसाठी ती व्यावसायिक इजा होती. पण वाचणाऱ्या काही डॉक्टरांच्या मनात दुसराच विचार आला: हे रंग घालवतं? मग डागांवर का नको?

आणि खरंच 1950 च्या दशकात ते रसायन मलमात आलं. परिणाम भयंकर झाला. डाग जायच्या जागी पांढरेफट्ट, कायमचे ठिपके, आणि तेही जिथे मलम लावलंच नाही अशा ठिकाणीसुद्धा. म्हणून मग त्याचा सौम्य भाऊ पुढे आला, नुसतं हायड्रोक्विनोन. हे रंगपेशीला सहसा मारत नाही. मेलॅनिन बनवणाऱ्या विकराच्या, एन्झाइमच्या, कामात अडथळा आणतं. 1960 च्या दशकापासून ते वांगाचं प्रमुख औषध झालं, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, काही महिने वापरून थांबवलं तर अजूनही ते उपयोगी आहे, हे मी मुद्दाम सांगते. गरोदरपणात मात्र ते टाळतात, कारण लावलेल्या मलमाचा बराच भाग रक्तात शोषला जातो.

पण औषध डॉक्टरच्या हातात राहिलं नाही. दक्षिण आफ्रिकेत, वर्णद्वेषी राजवटीच्या काळात, कातडीचा रंग म्हणजे तुम्ही कुठे राहणार, कुठल्या बाकावर बसणार, कुठली नोकरी करणार याचा दाखला होता. अशा देशात हायड्रोक्विनोनची क्रीम्स किराणा दुकानांतून विकली गेली, प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रियांना. 1975 मध्ये प्रिटोरियातले त्वचारोगतज्ज्ञ फिंडले आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की अशी क्रीम्स वर्षानुवर्षं लावणाऱ्या स्त्रियांच्या गालांवर निळसर काळे, दाणेदार, जाड चट्टे येताहेत. याला ऑक्रोनॉसिस म्हणतात, आणि ते जवळजवळ कधीच जात नाहीत. यातला क्रूर फेरा लक्षात घ्या. डाग गडद होतोय, म्हणून बाई आणखी क्रीम लावते, म्हणून डाग आणखी गडद होतो. डॉक्टर आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले कार्यकर्ते यांनी एकत्र रेटा लावला, आधी प्रमाण दोन टक्क्यांवर आणलं गेलं, आणि 1990 मध्ये दक्षिण आफ्रिकेने रंग उजळवणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदी आणली. युरोपीय संघाने प्रसाधनांतून हायड्रोक्विनोन काढलं ते 2001 मध्ये. अमेरिकेत चिठ्ठीविना विक्री बंद व्हायला 2020 उजाडलं. ज्या देशातल्या कामगारांच्या हातांवर पहिले चट्टे दिसले, तो या रांगेत सर्वांत मागे.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. फिंडले प्रिटोरियाहून इशारा देत होते त्याच 1975 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाचे क्लिगमन आणि विलिस यांनी एक नवं मिश्रण प्रसिद्ध केलं: पाच टक्के हायड्रोक्विनोन, त्यात ट्रेटिनॉइन, आणि त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. पाच ते सात आठवडे रोज लावल्यावर कृष्णवर्णीय, निरोगी कातडीचा रंग पूर्ण गेला, असं त्या निबंधात लिहिलंय. आणि मग, हे वांगावर उपयोगी आहे. हे क्लिगमन म्हणजे तेच, ज्यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर 1951 ते 1974 अशी तेवीस वर्षं प्रयोग केले. त्यांच्याच नावाने हा फॉर्म्युला ओळखला जातो. निरोगी काळी कातडी पांढरी करून दाखवणं ही एखाद्या औषधाची पात्रता ठरते, हे वाचताना मला दर वेळी अडखळायला होतं.

औषध म्हणून मिश्रण चालतं, थोड्या काळासाठी, नीट लक्ष ठेवून. यात स्टेरॉइडचं काम जळजळ दाबायचं. पण स्टेरॉइडमुळे सुरुवातीला चेहरा झटकन उजळ दिसतो, आणि त्या "झटकन"ने भारतात घात केला. अशा तीन औषधांच्या मिश्रणाच्या ट्यूब औषधांच्या दुकानात गोरेपणाचं क्रीम म्हणून मागितल्या गेल्या, दिल्या गेल्या. एक बहीण दुसरीला सांगते, मेडिकलवाला देतो, चिठ्ठी कोणी मागत नाही. दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरांची जाळी दिसते, मुरुमं येतात, गालांवर लव उगवते. आणि लावणं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून बाई परत तीच ट्यूब उघडते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना यासाठी वेगळं नावच द्यावं लागलं: स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा केंद्रांमध्ये चेहऱ्याच्या त्वचाविकाराचे 2926 रुग्ण तपासले गेले, त्यांतले 433 चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे साधारण सातांत एक. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल केला. कागदावर. दुकानात काय चालतं ते तुम्ही पाहताच.

पाऱ्याचं थोडक्यात सांगते. पाराही मेलॅनिनच्या विकराला अडवतो, आणि रंग उजळवण्यासाठी तो फार जुन्या काळापासून वापरात आहे. आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रसाधनांत तो जवळजवळ शून्य हवा. तरी 2021 ते 2023 या काळात केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण लागोपाठ दिसले, आणि विचारल्यावर बहुतेकांनी लेबलचा पत्ता नसलेली गोरेपणाची क्रीम्स वापरल्याचं सांगितलं. डाग चेहऱ्यावर, आणि किंमत मोजली मूत्रपिंडाने.

आता दुसरी बाजू. हळू चालणारे उपाय. त्यांच्या गोष्टी कमी सांगितल्या जातात, म्हणून मी त्यांना जास्त वेळ देणार आहे.

पहिली गोष्ट शिब्यांची. शिबं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं: पाठीवर, मानेवर फिकट ठिपके, घामाच्या दिवसांत वाढणारे. ते एका बुरशीमुळे होतं. ती बुरशी कातडीचा रंग कसा कमी करते, हे रोममध्ये मार्चेला नाझारो-पोर्रो आणि सिरो पास्सी शोधत होते. त्यांना 1970 च्या दशकाच्या शेवटी जे सापडलं त्यातून अझेलाइक ॲसिड पुढे आलं. हे आम्ल गहू, राय, जव अशा धान्यांतही असतं. त्याची खासियत अशी की ते निरोगी रंगपेशीला फारसं छेडत नाही. जी पेशी अति काम करतेय तिलाच आवरतं. 1991 मध्ये 329 स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. वीस टक्के अझेलाइक ॲसिड एका गटाला, चार टक्के हायड्रोक्विनोन दुसऱ्या गटाला. शेवटी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. किती दिवसांनी? चोवीस आठवड्यांनी! साडेपाच महिने. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना डॉक्टर सहसा ज्याला हरकत घेत नाहीत असं हे एक औषध, आणि तरी त्याचं नाव किती जणींनी ऐकलंय? चोवीस आठवड्यांची जाहिरात कशी करणार? "सात दिवसांत" हे पाटीवर कसं छान बसतं.

दुसरी गोष्ट जपानची, आणि ती खरी बाळंतपणाचीच आहे. युद्धानंतरचा जपान. उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके हे दोघे संशोधक. पैसा नाही, साधनं नाहीत. लहान मुलगी पाठीला बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत काम करायच्या. त्यांना बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचवायच्या होत्या. रक्ताची गुठळी विरघळण्याची प्रक्रिया रोखणारं औषध त्यांना हवं होतं, आणि 1962 मध्ये त्यांनी ट्रानेक्झामिक ॲसिड प्रसिद्ध केलं. तुमच्यापैकी काहींना हे नाव पाळीच्या जास्त रक्तस्रावावरच्या गोळीवरून माहीत असेल. तेच हे.

पण बाळंतपणातल्या रक्तस्रावावर त्याची मोठी चाचणी करायला स्त्रीरोगतज्ज्ञ तयार होईनात. औषध दंतवैद्यकात गेलं, शस्त्रक्रियांत गेलं. आणि 1979 मध्ये निजो नावाच्या जपानी डॉक्टरांना एक वेगळीच गोष्ट दिसली. अंगावर पित्त उठणाऱ्या रुग्णाला हे औषध दिलं होतं, आणि काही आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावरचं वांग फिकट झालं. कोणी शोधायला गेलं नव्हतं. कातडीला ऊन लागलं की काही रासायनिक निरोप रंगपेशींकडे जातात, आणि हे औषध ते निरोप मधेच अडवतं, असं आता समजलं जातं. 2007 पासून जपानमध्ये वांगासाठी याच्या गोळ्या मिळतात. भारतातही त्वचारोगतज्ज्ञ थोड्या मात्रेत देतात.

उताकोबाईंच्या मूळ प्रश्नाचं काय झालं? पंचावन्न वर्षं लागली. 2017 मध्ये 21 देशांतल्या 20,060 बायकांवरच्या चाचणीचे निकाल आले. तीन तासांच्या आत हे औषध दिलं तर बाळंतपणातल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. उताको ओकामोटो 2016 मध्ये गेल्या होत्या. निकाल त्यांनी पाहिला नाही. म्हणजे ज्या औषधाने बाळंतीण वाचायची, ते मधली कित्येक वर्षं चेहऱ्याच्या डागांवर वापरलं जात होतं, आणि मृत्यूवर वापरावं की नाही याची खात्री मात्र झालेली नव्हती. यातून कोणाला काय अर्थ काढायचा तो काढा. मी एकच व्यावहारिक गोष्ट जोडते. हे औषध गुठळी टिकवतं. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हे आधीच पायात, फुप्फुसात गुठळी होण्याच्या जोखमीचे असतात. त्यामुळे चेहऱ्याच्या डागांसाठी बाळंतिणीने मैत्रिणीची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. रक्तस्राव थांबवण्यासाठी डॉक्टर देतात ते वेगळं.

तिसरी गोष्ट उजेडाची. खूप वर्षं समजूत होती की फक्त अतिनील किरणं वांग वाढवतात. म्हणून सनस्क्रीन लावा, काम झालं. पण बायका सांगत राहिल्या की रोज लावतो, तरी जात नाही. 2010 मध्ये डेट्रॉइटमधल्या संशोधकांनी दाखवलं की गडद कातडीवर साधा दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो, आणि तो रंग टिकतोही जास्त. गोऱ्या कातडीवर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे गोऱ्या कातडीसाठी बनवलेलं सनस्क्रीन आपल्या कातडीवर अर्धंच काम करत होतं. आता दिसणारा प्रकाश अडवायचा तर अडवणारी वस्तूही दिसली पाहिजे. तिला रंग हवा. तो रंग आला लोहाच्या ऑक्साइडमधून, आणि लोहाचं ऑक्साइड म्हणजे दुसरं काय? आपला गेरू! तुळशीवृंदावनाला लावतात तो. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया लोण्यात लाल गेरू कालवून अंगाला लावतात, आणि तो उन्हापासून बचाव करतो हे प्रयोगशाळेत मोजलं गेलंय.

2014 मध्ये मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीच्या डॉक्टरांनी वांगाच्या रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही हायड्रोक्विनोन दिलं. एका गटाला साधं सनस्क्रीन, दुसऱ्याला लोहाचं ऑक्साइड घातलेलं. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटाचे डाग जास्त फिकट झाले होते. मलम तेच, उजेड तोच, फरक गेरूचा. आता घरचा गेरू खलून तोंडाला लावू नका म्हणजे झालं. कुंभाराकडच्या मातीत आणखी काय काय असतं ते आपल्याला ठाऊक नाही. पण दुकानात सनस्क्रीन घेताना ते रंगीत आहे का, त्यात आयर्न ऑक्साइड लिहिलंय का, हे बघता येतं. आणि ते खिडकीशी बसून बाळाला पाजतानाही लावायचं असतं, कारण काचेतून दिसणारा प्रकाश आत येतोच.

अडचण एकच आहे. बाजारातल्या रंगीत सनस्क्रीनच्या छटा बहुतेक दोन-तीनच असतात, आणि त्या आपल्या रंगाच्या तीन पायऱ्या वर सुरू होतात. ते लावून आरशात पाहिलं की चेहरा राखेने माखल्यासारखा दिसतो. गडद छटेची नळी मागितली तर दुकानदार म्हणतो, "ताई, ती कोणी घेत नाही, आम्ही ठेवत नाही."

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं आहेत. माईक मागे पाठवा.